पावाच्या कडा

समोरच्या टेबलावरचा माणूस पावाच्या कडा कापत होता. ह्या कॉफीहाउसात पाव अख्खाच आणून ठेवतात, लाकडी पाटावर, शेजारी सुरी. छोटा, काळसर, राय नावाच्या धान्याचा पाव, भट्टीतून नुकताच काढलेला. आपल्याला हवे तेवढे काप आपण काढायचे. ह्या माणसाने पाव उभा धरला आणि आधी त्याची वरची पाठ तासून काढली. मग फिरवून एक बाजू, मग दुसरी, मग बूड, आणि शेवटी दोन्ही टोकं. ताज्या पावाची कुरकुरीत कड, जिच्यासाठी लोक सकाळी रांग लावतात, ती त्याने पाटाच्या कडेला सालपटांसारखी रचून ठेवली आणि आतला मऊ ठोकळा तेवढा खायला घेतला. माझा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. आमच्या ह्या कील बंदरात दात गेलेली म्हातारी माणसं कड टाकतात, पण ती कुरतडून, लाजत. इतक्या निगुतीने, सगळीकडून, पाव सोलल्यासारखी कड कापणारी एकच जात मला माहीत आहे, आणि त्या जातीतली बहुतेक माणसं समुद्राच्या तळाशी आहेत. मग त्याच्या कोटाच्या कॉलरवर मला ती पिन दिसली. लाल किटली. अंगठ्याच्या नखाएवढी, मुलामा दिलेली, चोचीतून वाफ निघणारी. माझ्या नवऱ्याच्या पाणबुडीच्या मनोऱ्यावर रंगवलेली किटली. ती जगात आता एकाच माणसाच्या कोटावर असू शकते, कारण त्या बोटीवरचा एकच माणूस जिवंत आहे.

त्या काळी त्याला तांबूस दाढी होती. आता गुळगुळीत हनुवटी, दुहेरी झालेली. फोल्कमार थीसन. माझा नवरा डेटलेव्ह कमांडर असलेल्या बोटीवरचा पहिला अधिकारी, त्याच्या खालोखालचा. त्याने मान वर केली, मला पाहिलं, आणि तो दचकला नाही. उठला, टाचा जुळवल्या, वाकला, आपला पाट आणि कप घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आला. म्हणजे हा मला शोधतच आला होता.

"बाईसाहेब, बसू का?"

"पाटासकट आलाच आहात. उभं राहून खाणार का?"

लुडर्सबाई ट्रे घेऊन जाता जाता थबकल्या. गेली कित्येक वर्षं मी हातमोज्यांच्या दुकानातून सुटले की इथे येते, एकटीच बसते, हे त्यांना तोंडपाठ आहे. "अरे वा रीकर्सबाई, आज पाहुणे! ओळखीचे का?"

"ओळखीचे तर," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला ह्यांच्याइतकं कुणी ओळखलं नाही."

लुडर्सबाई खूश होऊन निघून गेल्या. थीसनने नजर खाली घातली, अगदी बेताने, चर्चमध्ये घालतात तशी. मला त्याच क्षणी कॉफी त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. मी कप बशीत ठेवला, आणि तो ठेवताना आवाज झाला नाही ह्याचाही मला राग आला. आम्ही बायका अशाच. घर जळत असलं तरी कपाचा आवाज होऊ देत नाही.

तो बोलायला लागला. तब्येत, धुकं, बंदर पुन्हा कसं उभं राहिलं, आता रस्त्यावर नौदलाचे नवे गणवेश दिसतात, किती बरं वाटतं. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मला चव्वेचाळीस सालची ती खोली दिसत होती, जिच्या दाराबाहेरच्या बाकावर मला बसवून ठेवलं होतं. आत नौदलाचं कोर्ट. सफरीहून परतल्या परतल्या ह्या थीसनने आपल्या कमांडरविरुद्ध अहवाल दिला होता. कमांडर परदेशी रेडिओ ऐकतो. युद्ध हरलो आहोत असं जेवणाच्या टेबलावर बोलतो. आणि शेवटचं कलम: बुडालेल्या शत्रूच्या जहाजावरच्या माणसांना मदत करू नये असा स्पष्ट हुकूम असताना कमांडर रीकर्स ह्यांनी पाणबुडी पृष्ठभागावर आणली, होडीतल्या माणसांना जमिनीची दिशा सांगितली आणि जर्मन नाविकांच्या वाटणीचा पाव शत्रूला दिला. दार उघडलं की आतलं एखादं वाक्य बाहेर यायचं. त्यात 'पाव' हा शब्द मी पुन्हा पुन्हा ऐकला. भरलेल्या पोटांची माणसं पावाबद्दल इतकं बोलताना मी कधी ऐकली नव्हती. त्यांनी डेटलेव्हला गोळ्या घातल्या. मला त्याची टोपी आणि दाढीचा वस्तरा परत दिला. त्याला कुठे पुरलं ते सांगितलं नाही, अजून सांगितलेलं नाही. आणि थीसनला साक्षीसाठी किनाऱ्यावर थांबावं लागलं, म्हणून बोट त्याच्याशिवाय, दुसऱ्या कमांडरला घेऊन निघाली आणि पुन्हा आली नाही. सगळी पोरं गेली. हा साक्ष देत होता म्हणून वाचला. युद्धानंतर कुणीतरी त्याच्यावर खटला केला तेव्हा नव्या कोर्टाने त्याला सोडून दिलं, त्याने त्या वेळच्या नियमाप्रमाणे केलं म्हणे. नियम बदलले, न्यायाधीशांचे झगे बदलले, हा मात्र दोन्हीकडे निर्दोष.

"पाव खाताना अजून कड कापता," मी मधेच म्हटलं.

तो हसला. पहिल्यांदा खरा हसला. "हात जातो हो आपोआप. बायको ओरडते."

मीही ओरडले होते. डेटलेव्ह शेवटच्या रजेवर आला तेव्हा मी रेशनची कुपनं साठवून पांढऱ्या पिठाचा पाव आणला होता. त्याने तो हातात घेतला, खिडकीशी जाऊन उजेडात धरला आणि सगळीकडून कडा कापायला लागला. मी म्हटलं, अरे माणसा, वेड लागलं का, ताजा आहे तो! त्याने सुरीकडे पाहिलं, पावाकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसला. मग त्याने सांगितलं. पाणबुडीत सगळं ओलं. भिंती ओल्या, कपडे ओले, पाव झोळ्यांमध्ये डोक्यावर टांगलेले. थोड्याच दिवसांत त्यांच्यावर बुरशीची लव चढते, पांढरी, लांब, मऊ. पोरं त्यांना ससे म्हणतात. स्वयंपाकी हाक मारतो, ससे आले रे, कान धरून उचला! मग ज्याने त्याने आपापल्या सशाची कातडी सोलायची आणि आतला मुठीएवढा गाभा खायचा. गाभा चांगला असतो, डेटलेव्ह म्हणाला. अगदी चांगला असतो. आणि त्याच दमात, कडांचे तुकडे बोटाने गोळा करता करता, म्हणाला की मी त्या होडीतल्या लोकांना पाव दिला. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी आलं होतं. किती होते, मी विचारलं. एक होडी भरून, तो म्हणाला. दुसरी रिकामी होती. मी पुढे विचारलं नाही. दुसरी होडी रिकामी का होती, तिच्यात कोण बसायचं होतं, आणि ते का बसले नाहीत, हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं, आणि आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर तो सोललेला पाव होता. मला तेव्हाही राग आला होता. आधी माणसांच्या पायाखालचं जहाज फोडायचं आणि मग पाव द्यायचा, हा कुठला चांगुलपणा? पण नवरा रजेवर आला होता आणि मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं. पुढे कोर्टाने त्याला त्याच पावासाठी मारलं, तेव्हापासून मला तो पाव पवित्र मानणं भाग पडलं. मेलेल्या माणसाच्या नावावर एवढं एकच जमा होतं. ते मी घट्ट धरून बसले.

"मी मुद्द्यावर येतो," थीसन म्हणाला. "रविवारी दगडाचं अनावरण आहे. खाडीकाठच्या बागेत. आमच्या बोटीचा दगड, सगळ्यांची नावं कोरलेला. मंडळाचं काम मीच पाहतो."

"वाचलं मी. तुम्ही पाहणार नाही तर कोण? बाकीचे तळाशी आहेत."

त्याने ते गिळलं. "त्यात कमांडर रीकर्स ह्यांचं नाव नाही. नियमाने फक्त बोटीबरोबर गेलेले. पण मी शब्द टाकला तर येईल. सगळ्यांत वर. कारागिराला मी जागा सोडायला सांगितली आहे."

मला एकदम ऐकू येईनासं झालं. बाहेर ट्राम गेली असावी, खिडकीची काच हलली. कबर नसलेल्या माणसाच्या बायकोला काय हवं असतं ते ज्यांना कबरी आहेत त्यांना कळणार नाही. दर नोव्हेंबरात मेलेल्यांच्या रविवारी सगळं शहर झाडाच्या हिरव्या फांद्या आणि मेणबत्त्या घेऊन कुठे ना कुठे जातं. मी फांद्या घेते आणि घरी आणते. एकदा त्या मी खाडीच्या पाण्यात टाकल्या, पण तो पाण्यात नाही. एकदा, गोळ्या तिथेच घातल्या असतील म्हणून, परेडच्या मैदानाच्या कुंपणाशी ठेवल्या तर पहारेकऱ्याने उचलायला लावल्या. दगडावर एक ओळ. बोट फिरवता येईल अशी. पावसात ओली होणारी, उन्हात तापणारी. तेवढ्यासाठी मी काय काय करीन ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं, आणि हा मानभावी माणूस ते ओळखून आला होता.

"आणि त्या बदल्यात?"

"बदल्यात कसलं, बाईसाहेब." तो दुखावल्यासारखा झाला. "रविवारी तुम्ही माझ्या शेजारी उभं राहायचं. हात मिळवायचा. जुन्या गोष्टी, कोर्ट वगैरे, त्या दिवशी नकोत. कोरताना 'सागरावर धारातीर्थी' असंच सगळ्यांच्या डोक्यावर आहे, तेच त्यांनाही लागू होईल. आणि आणखी एक, फार चांगली गोष्ट आहे." तो पुढे वाकला. आवाज हळू झाला. "त्या होडीतला एक माणूस सापडला. नॉर्वेजियन. लाकूड वाहून आणणाऱ्या जहाजावर अधिकारी आहे, माझ्याच गोदीत माल घेऊन आला. ही पिन पाहिली आणि पांढराफटक पडला. म्हणाला, तुम्हीच पाव दिला होता. दाढी नसतानाही ओळखलं त्याने! पुढच्या डेकवर मीच होतो ना, पिशवी मीच फेकली होती. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मला शब्द सुचेना. म्हणाला, बोलायचं आहे. मी त्याला आज इथेच बोलावलंय. रविवारी तो लोकांसमोर दोन शब्द बोलला, तर आमच्या पाणबुड्यांच्या अधिकाऱ्यांबद्दल जे काय काय बोललं जातं त्याला उत्तर मिळेल. आम्ही माणसं होतो, हे जगाला कळेल."

मी. पिशवी मीच फेकली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पावासाठी ह्याने माझा नवरा भिंतीपुढे उभा केला, तो पाव आता हाच दिलदारपणे वाटणार होता. डेटलेव्हच्या हातातली एकुलती एक चांगली गोष्ट, तीही त्याला काढून घ्यायची होती, आणि मोबदल्यात त्याच्या नावाची अक्षरं. मला ओरडायचं होतं. शेजारच्या टेबलावरच्या केक खाणाऱ्या बायकांना सांगायचं होतं की हा कोण आहे ते पाहा. आणि मी काय केलं? मी मान हलवली. होकाराची. दगडाच्या माथ्यावरची ती मोकळी जागा मला दिसत होती, गुळगुळीत, राखून ठेवलेली. घे तुझा पाव, मी मनात म्हटलं, घे तो, तुझ्या घशात अडकू दे, मला ओळ दे. थीसनने माझा हात उचलून त्यावर ओठ टेकले. लुडर्सबाईंनी लांबून पाहिलं आणि भुवया उडवल्या. नंतर मला ह्यावरून चिडवायचं त्यांनी पक्कं केलं असणार.

नॉर्वेजियन आला तेव्हा मी हात रुमालाला पुसत होते. हाडापेराने मोठा, खांद्यात थोडा वाकलेला, धुक्याने ओला कोट. थीसन उठून दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. त्या माणसाने हात कोटाच्या खिशातून काढले नाहीत. बसला. आपलं नाव सांगितलं, हाल्वर सुन्नेस. जर्मन त्याला येत होतं, पण एकेक शब्द तोलून टाकत होता.

"ह्या माझ्या कमांडरच्या पत्नी," थीसन म्हणाला.

सुन्नेसने माझ्याकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग थीसनकडे वळला. "मी एकच विचारायला आलो. फार वर्षं विचारायचं होतं. का केलंत?"

"त्यात काय एवढं," थीसन विनयाने म्हणाला. "समुद्रावर माणूस माणसाला—"

"सडका पाव का दिलात?"

थीसन हसू तसंच ठेवून पुढे झुकला, नीट ऐकू आलं नसल्यासारखा.

"आम्ही पिशवी उघडली," सुन्नेस म्हणाला. "सगळे केसाळ. पांढरे, हिरवे. मेलेल्या जनावरासारखे. आणि तुम्ही डेकवर उभे राहून हसत होतात. तुम्ही, आणि तुमच्या मागे दोन पोरं. काहीतरी बोललात आणि हसलात. आमचा बोसन, खलाशांचा मुकादम, म्हणाला, विष असेल, नाहीतर थट्टा आहे. आम्ही सगळे पाण्यात टाकले. तुमच्या देखत टाकले. तुमची बोट अजून तिथेच होती." "नंतर बरेच दिवस काहीच नव्हतं. दोघं भुकेने गेले. एक माझ्या बहिणीचा नवरा. आमच्या गावात अजून सांगतात, जर्मनांनी मरणाऱ्या माणसांना घाण खायला घातली आणि वर हसले. मी सांगतो, माझी बहीण सांगते. तिची मुलं आता त्यांच्या मुलांना सांगतील. मला फक्त कळायला हवंय. बुडवलंत, ते युद्ध. पण ते का?"

थीसनला घाम फुटला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग त्याला वाट सापडली. किती पटकन सापडली! "तो हुकूम माझा नव्हता. मी तर त्याच्या विरुद्ध होतो, ते कागदोपत्री आहे. पाव द्यायचं कमांडरने ठरवलं. ह्या बाईंच्या यजमानांनी."

आता सुन्नेसने माझ्याकडे खरंच पाहिलं. इतक्या तिरस्काराने माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्या कोर्टातल्या कुणीसुद्धा नाही. आणि मला समजलं की नॉर्वेच्या कुठल्याशा गावात इतकी वर्षं डेटलेव्हला शिव्या बसताहेत. त्याच्या बुडवण्याबद्दल नाही, त्याच्या पावाबद्दल. जो पाव देऊन तो मेला, तो कुणी खाल्लाच नाही. मूर्ख, मूर्ख माणूस! मनोऱ्यावर उभा राहून दिशा सांगत असेल, पाव द्या म्हणाला असेल, आणि त्याच्या डोक्यातही आलं नसेल की असा पाव पाहिला की माणूस घाबरतो. रोज सोलून सोलून त्याला तो पावच दिसत होता. बुरशी दिसायची बंद झाली होती. सगळ्या बोटीला दिसायची बंद झाली होती.

"लुडर्सबाई," मी हाक मारली. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "एक पाव आणा. आणि सुरी."

"अगंबाई, हा संपला पण?"

"आणा हो."

पाव आला. मी तो उभा धरला. वरची पाठ काढली. एक बाजू काढली, दुसरी काढली. बूड. टोकं. शेजारच्या बायका केक खायच्या थांबल्या. सालपटं मी बाजूला सारली आणि आतला गाभा सुन्नेसच्या पुढ्यात ठेवला.

"हा असा खायचा होता," मी म्हटलं. "ते सगळे असाच खात होते. तसलाच बुरशीचा खात होते, त्याच्याशिवाय दुसरा पाव नव्हता त्यांच्याकडे. बुरशी वरवर असते. आतला चांगला असतो. थट्टा नव्हती. माझ्या नवऱ्याने तुम्हाला आपल्या वाटणीचं जेवण दिलं, आणि ते दिल्याबद्दल त्याला गोळ्या घातल्या. ह्या माणसाने सांगितलं म्हणून."

सुन्नेस गाभ्याकडे बघत राहिला. मग पाटाच्या कडेला थीसनने रचलेल्या कडांकडे त्याची नजर गेली. कडांवरून वर, त्या सुरीवर, त्या बोटांवर.

"तुम्हाला माहीत होतं," तो थीसनला म्हणाला. "आम्ही फेकत होतो ते तुम्ही पाहत होता. हाकेच्या अंतरावर होतात. कापून खा, एवढं म्हणायचं. दोन शब्द."

थीसनने रुमाल घडी करून ठेवला. पाठ ताठ केली. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ गेला आणि जुना अधिकारी तिथे आला, स्वच्छ, रेखीव, काही चुकलं आहे असं मुळीच न वाटणारा. तो खोटं बोलत नव्हता, हेच भयंकर होतं.

"पाव द्या असा हुकूम होता," तो म्हणाला. "सांगा असा नव्हता."

मी उठले. खुर्ची मागे पडली, मोठा आवाज झाला, होऊ दे. "थीसन, दगडावर त्याचं नाव कोरू नका. मोकळी जागा तशीच ठेवा. लोक विचारतील इथे कोण, तर तुम्हीच सांगा. आणि नाही सांगितलंत, तर रविवारी मी येऊन सांगेन. मला हुकूम लागत नाही." माझा आवाज फाटला. माझी ओळ गेली, मला माहीत होतं, बोट फिरवायला आता काही राहिलं नव्हतं, आणि ते माझं मीच घालवलं होतं. त्याचंही मला रडू येत नव्हतं. राग येत होता. थीसनचा, त्या झगेवाल्यांचा, हसलेल्या पोरांचा, जी आता तळाशी आहेत, आणि डेटलेव्हचा. सगळ्यांत जास्त डेटलेव्हचा, की त्याने डेकवर उतरून स्वतःच्या हाताने पाव का दिला नाही.

थीसनने टोपी घेतली आणि टाचा न जुळवता गेला. सुन्नेस हलला नाही. लुडर्सबाई पाट उचलायला आल्या तेव्हा त्याने त्यावर आपला मोठा पंजा ठेवला, नको म्हणून. मग त्याने गाभ्याचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. लोणी नाही, काही नाही. तो सावकाश चावत होता, खाली बघून, आणि मी कोट हातात घेऊन उभी होते, जाताही येईना. त्याने तो सगळा संपवला. टेबलावर पडलेला चुराही बोटाने टिपून खाल्ला.

"चांगला आहे," तो म्हणाला.